इमामबीची रजई आणि वैशाखातला बर्फ

रोहिणखेडची इमामबी पिंजारीण गल्लीत शिरली की आधी आवाज यायचा, मग बाई दिसायची. आवाज दोन प्रकारचे. एक तिच्या धुनकीचा. धुनकी म्हणजे कापूस पिंजायची माणसाएवढी लांब कमान. तिच्या तातेवर, म्हणजे कमानीला ताणलेल्या आतड्याच्या दोरीवर, लाकडी मोगरी मारली की 'ढुंय ढुंय' असा सूर निघतो आणि दबलेला कापूस उडून फुगून खाली बसतो. दुसरा आवाज खुद्द इमामबीचा. त्याला तात-मोगरी काही लागत नसे. जुन्या मशिदीजवळच्या आपल्या घरातून ती बोलली, की नदीवर धुणं धुणाऱ्या बायका तिकडून 'हाव वो' म्हणून उत्तर देत, असं लोक सांगतात. लोकांना वाढवून सांगायची सवय असते. मी आपला निम्म्या वाटेपर्यंतची खात्री देतो.

तिचा नवरा हैदर हा फार शांत माणूस. लग्नानंतर त्याला बोलायची गरजच पडली नाही. तो तापाने गेला तेव्हा इमामबीच्या मागे ना मूल, ना शेत. भिंतीच्या खुंटीला टांगलेली धुनकी तेवढी राहिली. आता पिंजाऱ्यांची रीत अशी की धुनकी पुरुषाने चालवायची आणि बाईने पिंजलेला कापूस खोळीत पसरून वर दोरे घालायचे. इमामबीने काही दिवस खुंटीकडे पाहिलं आणि एका सकाळी धुनकी खाली काढली.

पहिली रजई तिने महादेवराव वाण्याला भरून दिली. ती पांघरल्यावर आपल्या अंगावर कोणीतरी बटाटे ओतले आहेत असं महादेवरावांना वाटलं. त्यांनी तसं दुकानाच्या ओट्यावर बसून सगळ्यांना सांगितलंही. मी तिथेच होतो. त्या ओट्यावर रोज बसणाऱ्या रिकामटेकड्यांत माझा नंबर वरचा. इमामबीने ती रजई परत नेली, उकलली, पुन्हा भरली, पुन्हा उकलली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिचा हात असा बसला की महादेवराव सकाळी त्या रजईतून बाहेर यायला तयार नसत आणि दुकान वाणीणबाई उघडू लागल्या.

पण हैदरचा धाकटा भाऊ शकूर धाड या गावी राहायचा, त्याला हे पाहवेना. तोही पिंजारीच. वरचेवर यायचा आणि एकच रडगाणं गायचा. दीर-भावजय आपसात त्यांच्या हिंदीत भांडत. मी तुम्हाला आपल्या वऱ्हाडीत सांगतो.

"भाभी, बाईच्या हातात धुनकी पाहून धाडचा बाजार मले हसते. धुनकी मले दे अन् तिकडं चाल. घरात भाकऱ्या थाप, सुखानं राह्य."

"काऊन? फातिमा थापत नाई का भाकऱ्या?"

फातिमा म्हणजे शकूरची बायको. तिच्या भाकऱ्या रस्त्यावर पसरल्या तर बैलगाडीचं चाक अडेल, असं मी नाही म्हणत, धाडचे लोक म्हणत. एकूण शकूरला भावजयीच्या अब्रूपेक्षा जेवणाची काळजी जास्त होती. पण गावातली वडीलधारी मंडळीही हळूहळू 'शकूर काही वाईट बोलत नाही' असं म्हणायला लागली होती, आणि ते इमामबीला आतून लागत होतं.

अशात गावच्या नारायणराव देशमुखांच्या मुलीची, कोकिळेची, सोयरीक खामगावला ठरली. लग्न वैशाखातलं. खामगाव म्हणजे कापसाची मोठी पेठ, तिथल्या माणसांची ऐट काय विचारता. बोलणी करायला व्याही आले, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि हळूच खाली ठेवून म्हणाले, "देशमुख, यात चहाची पत्ती टाका, म्हणजे वाया जाणार नाही."

नारायणरावांच्या मिशा थरथरल्या. "लग्नाले या तुमी. बर्फाचं सरबत पाजतो!"

बोलून बसले. आपल्याकडे सरकार नागपूरला, साहेब बुलढाण्याला आणि बर्फ मलकापूरच्या स्टेशनावर. सोडावॉटरवाल्यासाठी तो मुंबईहून रेल्वेने यायचा, गोणपाटात, लाकडाच्या भुशात गाडलेला. तिथून मोताळ्यावरून रोहिणखेडपर्यंत बैलगाडीने दिवसाचा रस्ता, आणि वर वैशाखाचं ऊन.

नारायणरावांनी आधी अंदाज घ्यायला आपल्या मोतीराम गाडीवानाला पाठवलं. सल्ला महादेवरावांचा. महादेवरावांना सगळ्यातलं सगळं कळत असे. ते म्हणाले, "माठातलं पानी गार कसं होते? माठ ओला रायते अन् त्याले वारा लागते. तसंच करा. ओल्या फडक्यात बांधा अन् वाऱ्यावर ठेवा."

मोतीराम आज्ञाधारक. त्यात स्वच्छतेचा फार. लग्नघरची वस्तू म्हणून त्याने बर्फाला चिकटलेला सगळा भुसा झटकला, वर विहिरीवर नेऊन बर्फ चांगला घासून धुतला, ओल्या धोतरात बांधला आणि गाडीच्या दांडीला टांगला. संध्याकाळी तो गावात आला तेव्हा धोतर वाळलं होतं.

"बर्फ कुठी हाये बे?"

"मालक, मोताळ्यापर्यंत व्हता."

माठाचं गणित चुकीचं नव्हतं. ते बर्फाला लावलं हे चुकलं. माठातून झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार. पण बर्फ तर आधीच वाऱ्यापेक्षा कितीतरी गार. वैशाखातला झळांचा वारा त्याला गार करणार कशाने? तो आपला सारखा नवी नवी ऊब आणून त्याच्या अंगावर ओतत राहिला. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी आम्ही सगळे मोतीरामवर बर्फ खाल्ल्याचा आळ घेत होतो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर हीच चर्चा. शकूर आलेला होता. इमामबी दोऱ्याची रिळं घ्यायला आली, सगळं ऐकलं आणि खदाखदा हसली.

"रजईत गुंडाळून आना नं बापा!"

महादेवराव म्हणाले, "काऊन वो, बर्फाले थंडी वाजते का?"

ओटा हसला. मीही हसलो. इमामबी चिडली. आणि ती चिडली की तिचं डोकं तिच्या तोंडामागे धापा टाकत धावायचं.

"महादेवभाऊ, हिवाळ्यात पांघरायच्या आधी रजईले हात लावून पाहेलं का कधी? थंडीगार रायते! दिवसभर खाटेवर पडेल असते, तापते का? गरम तुमी रायता. थे फकस्त तुमची गरमी बाहेर जाऊ देत नाई. आतली गरमी बाहेर जात नाई, त बाहेरची आत कशी जाईन?"

एवढं बोलून ती स्वतःच चमकली. तिलाही ते त्या क्षणीच सुचलं होतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

शकूरने संधी साधली. "भाभी, एवढं हाये त मंग बोल. तुया रजईतून बर्फ नाई आला, त धुनकी मले देशीन? धाडले येशीन?"

रस्त्यावरचे लोक थांबले. नारायणराव तिथेच उभे. बाई माघार घेते की काय म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"हाव," इमामबी म्हणाली. "देईन."

बर्फ आला तर शकूरने काय द्यायचं, हे कोणी विचारलं नाही. शकूरच्या तर ते स्वप्नातही नव्हतं.

मोतीराम पुन्हा निघाला, या वेळी इमामबीची जाड रजई घेऊन. बर्फ रजईत ठेवला, सुताडाने, जाड सुतळीने, करकचून आवळला, गाडीच्या तळाशी टाकला. संध्याकाळी देशमुखांच्या अंगणात ते गाठोडं सोडलं तेव्हा आधी पाण्याचा लोंढा आला. मग ओला कापूस. मग, सगळ्यात वरच्या घडीत चिकटलेला, सुपारीएवढा एक खडा.

शकूर तडक इमामबीच्या घराच्या दिशेने चालायला लागला. धुनकी काढायला.

"थांब बे," नारायणराव गरजले. "फडक्यात बांधला तवा नुसतं सुकं धोतर आलं व्हतं. रजईत सुपारी आली. सुपारी तं हाये नं? लग्नाच्या दिवशी अखेरचं पाहू. तवा नाई आला त धुनकी तुयी."

त्यात इमामबीचा कळवळा किती आणि व्याह्यांची धास्ती किती, ते त्यांचं त्यांना माहीत.

इमामबी ती ओली रजई घरी घेऊन गेली आणि दारात बसून तिचे दोरे उकलू लागली. तळाचा कापूस भिजून, दबून लगद्यासारखा झाला होता. पिंजारी त्याला 'मेला कापूस' म्हणतात. वरचा मात्र कोरडा, फुगलेला. आणि खडा तिथेच तर वाचला होता. समोर कुंपणावर, रजईतून गळालेल्या पाण्यात न्हालेली एक चिमणी पिसं फुलवून दुप्पट होऊन बसली होती. थंडीत चिमण्या तशा फुगतात. पिसं तेवढीच असतात, पण त्यांच्या मधली पोकळी वाढते.

चिमणीकडे पाहता पाहता इमामबीला आपल्या गिऱ्हाइकांची आठवण झाली. जुनी रजई दबून गार पडली म्हणून लोक आणत. ती तोच कापूस पिंजून, फुगवून परत भरायची, वर चिमूटभरही घालायची नाही. आणि लोक पांघरून म्हणायचे, "वा इमामबी, भलताच कापूस टाकला!" इमामबी ती स्तुती मुकाट्याने घ्यायची.

ती तशीच उठून आमच्या ओट्यावर आली. "महादेवभाऊ, तुमच्या रजईत मी वारा भरून देल्ला व्हता, अन् मलेच मालूम नव्हतं!"

महादेवरावांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. पण तिचं खरं होतं. उघड्यावरचा वारा हिंडतो-फिरतो, इकडची ऊब तिकडे नेतो. तोच वारा कापसाच्या तंतूंत अडकून बसला की त्याला हिंडता येत नाही, मग ऊबही जागची हलत नाही. सगळं काम त्या कोंडलेल्या हवेचं. कापूस भिजला की ती हवा निघून जाते आणि तिच्या जागी पाणी बसतं.

म्हणजे कापूस कोरडा ठेवायला हवा. पण बर्फ थोडा तरी वितळणारच, त्याचं पाणी कुठे घालवायचं? इथे इमामबीची अक्कल संपली. घरात अंधार करून ती दुपारभर बसली. त्या दिवशी धुनकीचाही आवाज नाही आणि तिचाही नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा बावरली.

तोड काढली ती तानुबाईंनी, आणि तीही भांडण्याच्या निमित्ताने. तानुबाई म्हणजे नारायणरावांची आत्या, कडक सोवळ्याची. बर्फ रजईत लोळून पंगतीत येणार हे कळताच त्यांनी चुलीकडे पाठ फिरवली.

"कोनाची रजई, कोनाचे पाय लागेल! माया पंगतीत नाई चालायचं. आनायचाच असंन त पयले पळसाच्या पानात गुंडाळून आना. एक पदर नाई चालत. चांगले जाड पदर घाला. पानाले दोष नाई."

बर्फाचं पाणी मुंबईच्या कारखान्यात कोणाच्या हातचं, हे मात्र बाईंनी विचारलं नाही. थंडगार वस्तूची चौकशी माणूस जरा बेतानेच करतो.

निरोप घेऊन मोतीराम इमामबीकडे गेला. आता ही आत्याबाईच्या सात पिढ्या काढणार म्हणून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. इमामबीचं तोंड उघडलं, तसंच उघडं राहिलं, आणि मग ती तरातरा देशमुखांच्या घरी पोचली.

"आत्याबाई! तुमचं सोवळं माह्या कामाचं हाये वो!"

लग्नाच्या पंगतीसाठी तिथे बायका पत्रावळी लावतच बसल्या होत्या. त्यांच्याकडून इमामबीने मोठाल्या पत्रावळी करून घेतल्या, आणि त्या छपरावरच्या कवेलूंसारख्या, म्हणजे कौलांसारख्या, एकीवर एक चढवून कशा ठेवायच्या ते ठरवलं, म्हणजे पाणी कापसात न मुरता घरंगळून, रजयांना तळाशी ठेवलेल्या फटीतून खाली जाईल. दोन नव्या रजयांसाठी कापूस तिने असा पिंजला की खोळी मांजरीसारख्या गुबगुबीत झाल्या. तानुबाई दुरून देखरेख करत होत्या आणि आपण बाटणारं कार्य वाचवलं या समाधानात होत्या. दोघी आपापल्या कारणाने खूश. असा सलोखा मी पुन्हा पाहिला नाही.

लग्नाच्या दिवशीचा बर्फ आणायला इमामबी स्वतः मलकापूरला गेली. उजाडता उजाडता गाठोडं बांधलं. मोतीरामने सवयीने सुताड करकचून ओढलं, तर तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"गळा आवळू राह्यला का त्याचा? ढिलं बांध. फुगू दे."

गाडीच्या तळाशी काटक्या, त्यांवर गाठोडं, आणि शेजारी मोगरी घेऊन इमामबी. मोगरी मोतीरामसाठी. कारण बैल पाणी प्यायला थांबले की त्याला आत डोकावून पाहायची उबळ यायची.

"जराक पायतो नं चाची. हाये का गेला?"

"उघडशीन त जाईन!"

वाटेत लोक विचारायचे, एवढ्या उन्हात रजया पांघरवून कोणत्या आजाऱ्याला नेताय? मोतीराम गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "मुंबईचे पाव्हने हायेत." मोताळ्याला एका म्हातारीने कळवळून रजईत हात घातला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ताप नाई लेका. पन जास्त गार पडले. लवकर न्या."

दुपार कलताना गाडी मांडवापाशी आली. व्याही मंडळी गादीवर बसून पंख्याने वारा घेत होती. महादेवराव होते, मी होतो, सगळं गाव होतं. शकूरही होता; धुनकी गाडीत बांधून न्यायला दोर खांद्यावर टाकून आला होता. इमामबी खाली उतरली.  दोन्ही हातांनी ओढलं तरी गाठ तिच्याने सुटेना.

"सोडू का भाभी?" शकूर म्हणाला. चेष्टेने नव्हे, त्याला तिची दया आली असावी.

"हात नको लावू."

पहिली रजई उघडली. कोरडी. दुसरी उघडली. कोरडी. पत्रावळींतून टप टप पाणी गाडीच्या तळाला गळत होतं. एक एक पान निघालं, आणि आत पाट्यावरवंट्यातल्या पाट्याएवढा बर्फ, कोपरे गोल झालेला, वाफाळत बसलेला. वाफाळत म्हणजे थंडीने हो. हिवाळ्यात तोंडातून निघते ना, तशी.

काय तो गलका! वाजंत्रीवाल्यांना वाटलं मुहूर्त लागला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. भटजी ओरडत राहिले, त्यांना कोण ऐकतो.

बर्फ खलबत्त्याने फोडला आणि सरबताचे पेले फिरले. व्याह्यांनी पेला घेतला आणि लगेच परत केला. "देशमुख, पेला गळका आहे, बाहेरून पाणी झिरपतंय." दुसरा दिला, तोही गळका. नारायणराव घामाघूम झाले. खरं तर पेले धड होते. हवेत पाणी असतंच, आपल्याला दिसत नाही. गार पितळेला टेकलं की ते थेंब होऊन बसतं. पण हे वरपक्षाला मांडवात कोण समजावणार? अखेर तानुबाई कडाडल्या, "पाव्हने, पेला पुसा अन् प्या!" व्याही प्यायले. डोळे मिटले. मग तोच गळका पेला त्यांनी पुन्हा पुढे केला, आणि पुन्हा.

तानुबाई मात्र आपल्या पेल्यात बोट घालून बर्फ खाली दाबत होत्या आणि तो वर येत होता. "दगड असून तरंगून राह्यला वो!" थिजलेलं तूप पातळ तुपात बुडतं हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. पाण्याचंच तेवढं उफराटं. थिजताना ते पसरतं, जागा जास्त खातं आणि हलकं होऊन वर येतं. तानुबाई तिन्हीसांजेपर्यंत बर्फ बुडवत बसल्या. बुडाला नाही.

आता शकूर. तो खांद्यावरचा दोर लपवायला जागा शोधत होता. इमामबीने त्याच्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवला.

"भाजलं, भाजलं!" म्हणून तो नाचायला लागला. मांडव लोळण घेऊन हसला. थंड वस्तू हातातली ऊब इतक्या झपाट्याने ओढते की आपल्या कातडीला चटका आणि गारठा यातला फरक कळेनासा होतो. शकूरचं तर तसंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

"भाभी, धुनकी तुयीच," तो हात झटकत म्हणाला. "मी काई बोलत नाई आता."

"बोलशीन कसा नाई? धुनकी न्यायले आला व्हता नं, दोर घेऊन? मंग ने."

इमामबीने त्याच्या खांद्यावरचा दोर ओढून सरळ केला.

"येत्या बाजारी खांद्यावर घे अन् धाडच्या बाजारात माह्या मागं मागं चाल. वरडायचं काम तुयं, पिंजायचं माह्यं. बाजार तुले हसते म्हने. पाहू दे बाजारालेही."

शकूरने नारायणरावांकडे पाहिलं. नारायणराव व्याह्यांच्या पेल्याकडे पाहत होते.

त्या आठवड्याचा धाडचा बाजार मी चुकवणार होतो काय? मुद्दाम गेलो, आणि महादेवराव दुकान वाणीणबाईंवर टाकून माझ्यासोबत. पुढे इमामबी, मागे धुनकी खांद्यावर घेतलेला शकूर, "गाद्या-रजया पिंजून घ्याऽऽ" असं तोंडातल्या तोंडात ओरडणारा. आवाज कमी पडला की पुढून हुकूम यायचा, "मोठ्यानं!" देशमुखाच्या मांडवातला बर्फ गावोगावी पोचला होता. बायका वैशाखात हिवाळ्याच्या रजया घेऊन आल्या. एकीने तर 'ताकाचं मडकं हिच्यात ठेवलं त चालंन का' म्हणून विचारलं. इमामबी चालंन म्हणाली, आणि चाललंही.

उन्हं उतरायच्या वेळी फातिमा आली. शकूरची बायको. डोक्यावर घरातल्या साऱ्या रजयांचा ढिगारा.

"आपा," ती इमामबीला म्हणाली, "ह्या साऱ्या तुमच्या देवराच्या हातच्या भरेल हायेत. हिवाळाभर कुडकुडून मेलो. उकलून नव्यानं भरून द्या."

शकूरने धुनकी खाली ठेवली.  इमामबीने तात ताणली, मोगरी उचलली, आणि मान न वळवता म्हणाली, "दोरे घालाले मानूस पायजे मले."

शकूर मांडी घालून बसला. सुई घेतली. दोरा ओवता येईना, तेव्हा फातिमाने तो थुंकीने ओला करून ओवून दिला आणि सुई त्याच्या हातात ठेवून म्हणाली, "टाके बारीक घालजो."